कोंबड्याचा तुरा फाटला तर: परसात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

दोन कोंबडे जुंपले की पहिली चोच तुऱ्यावर बसते. तुरा उंच, मऊ आणि पकडायला सोपा. मिनिटभरात कोंबड्याचं डोकं रक्ताने माखतं, त्याने मान झटकली की पडवीच्या भिंतीवर शिंतोडे उडतात, आणि पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला वाटतं, हा काही आता जगत नाही. बहुतेक वेळा तो जगतो. नुसतं तुऱ्यातून रक्त जाऊन कोंबडा मरणं फार क्वचित घडतं. दगावतो तो पुढच्या आठवड्यात. जखमेवर माशा बसून अळ्या पडतात, बाकीच्या कोंबड्या तीच जागा टोचून कवटीपर्यंत नेतात, नाहीतर मालक काळजीपोटी रॉकेलपासून चुन्यापर्यंत दिसेल ते लावत सुटतो. म्हणून या लेखात औषधांपेक्षा आडोशाबद्दल जास्त लिहिलं आहे.

इंटरनेटवर तुऱ्याच्या दुखण्याबद्दल शोधलंत तर निम्मा मजकूर थंडीने तुरा गोठण्यावर आणि त्यासाठी व्हॅसलीन चोपडण्यावर सापडेल. तो बर्फाच्या मुलुखातल्या लोकांसाठी. गोव्यात रात्रीचा पारा अगदी जानेवारीतही तिथपर्यंत कधी उतरत नाही. आपली अडचण उलटी आहे: वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, चार महिने न सुकणारं अंगण, आणि त्यात माशा.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. उन्हाळ्यात निघालेली पिल्लं पावसाळ्यात चार-पाच महिन्यांची होतात, नर आरवायला आणि एकमेकांच्या अंगावर जायला लागतात, आणि नेमका तेव्हाच श्रावण येतो. एरवी ज्यांची सागोती झाली असती ते सगळे महिनाभर खुराड्यात सुखरूप. बाहेर पाऊस म्हणून दिवसभर आत कोंडलेले, जागा तेवढीच, कोंबडे मात्र चार. तुरे फाटण्याचा हंगाम तो हाच.

एवढं रक्त का येतं

कोंबडीवर्गाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला चोच उघडून धापा टाकणं हा एक मार्ग, आणि तुरा व चोचीखाली लोंबणारी लाल कातडी हा दुसरा. तिथे कातडीच्या लगेच खाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. उकाड्यात तिथे रक्त आणखी धावतं, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात दुपारी झालेली साधी खरचटदेखील भळाभळा वाहते.

पण हिशोब करून बघा. दोन किलोच्या कोंबड्याच्या अंगात साधारण १२० ते १५० मिलिलिटर रक्त असतं. चहाचे दोन चमचे रक्त, म्हणजे १० मिलिलिटर, पिसांवर पसरलं की वाटीभर दिसतं. तेवढं गेलं म्हणून धडधाकट कोंबड्याला काही होत नाही. तो उभा आहे, डोळे टक्क उघडे आहेत, धरायला गेलं की पळतोय, तर तुमच्या हाताशी भरपूर वेळ आहे. डोळे मिटून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसला असेल आणि पाय गार लागत असतील, तर मात्र रक्त थांबवून त्याला आधी ऊब द्या. जखम धुणं नंतर.

ती जखमच आहे ना?

लढाई डोळ्यांनी पाहिली असेल तर प्रश्न नाही. पण सकाळी खुराडं उघडल्यावर तुऱ्यावर काळी खपली दिसली, तर लगेच जखम समजून घासायला घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर कोंबड्यांना देवी येतात. डासांमुळे पसरणारा हा विषाणूचा रोग. आधी फिकट पुटकुळ्या, मग त्या पिवळट होऊन काळपट तपकिरी, खडबडीत खपल्या. तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, पापण्यांवर. जखम सहसा एका जागी, एका रेषेत असते. देवीच्या खपल्या विखुरलेल्या असतात आणि चार-आठ दिवसांत दुसऱ्या पक्ष्यांवरही दिसू लागतात. त्या उचकटून काढायच्या नाहीत. खपलीतच विषाणू टिकून राहतो आणि खालची जागा उघडी पडते ती वेगळीच. तोंडात पिवळट थर दिसला किंवा डोळे बंद झाले तर डॉक्टरकडे न्या. एरवी तीन-चार आठवड्यांत कोंबडी आपली आपण सावरते. देवीची लस असते, साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पडद्यात टोचतात.

तुऱ्यावर पिठासारखा पांढरा थर असेल तर ती बुरशी. अख्खा तुरा फिकट पडला असेल तर जंत, किंवा रात्री खुराड्याच्या फटींतून निघून रक्त पिणारे लाल किडे. टॉर्च घेऊन रात्री कोंबड्या झोपायला बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला बघा, दिसतील. आणि अख्खा तुरा निळा-जांभळा पडला, तोंड सुजलं, एकापाठोपाठ एक पक्षी मरू लागले, तर हा लेख बाजूला ठेवा. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, विकू नका, कुणाला देऊ नका, आणि तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

हाताशी काय असावं

कोंबडा हातात धरून कुणी फार्मसीत जाऊ शकत नाही, म्हणून हे सामान आधीच एका डब्यात भरून ठेवा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी तर नक्की, कारण त्या दिवसांत अर्धं दुकान बंद आणि डॉक्टर आपल्या गावच्या घरी.

गॉजचे तुकडे (कापूस नको, त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात). सलाईनची बाटली, फार्मसीत मिळते तीच. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा दीड. सुईशिवायची सिरिंज, धार मारायला. पोव्हिडोन-आयोडीनचं द्रावण, आपण ज्याला सरसकट बीटाडिन म्हणतो ते. कॉर्नफ्लॉवर किंवा तुरटीची बारीक पूड. बोथट टोकाचा चिमटा. जुना टॉवेल. टॉर्च. हातमोजे मिळाले तर उत्तम, नाहीतर आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. कोंबडीच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि घरात लहान मुलं असतात.

पकडणं

रक्त जोरात वाहत असेल तर थांबायला वेळ नाही, मोठा टॉवेल वरून टाका आणि उचला. वाहत नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. अंधार पडल्यावर दांडीवर बसलेला कोंबडा अलगद हातात येतो. भरदुपारी कुळागरभर (पोफळीच्या बागेत) त्याच्या मागे धावलात तर धरलेली खपली पुन्हा फुटेल.

दोन्ही पंख अंगालगत दाबून टॉवेलात गुंडाळा, पाय आत घ्या, डोकं तेवढं बाहेर. टॉवेलाचं टोक डोळ्यांवर आलं की तो शांत होतो. एक गोष्ट मात्र नवे लोक हमखास चुकवतात: छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. घट्ट आवळून धरलेला कोंबडा निपचित पडला म्हणजे शांत झाला असं नव्हे, तो गुदमरत असेल. पाय धरून उलटा लटकावण्याची आपल्याकडची बाजारी पद्धतही इथे नको, रक्त सगळं डोक्याकडेच येतं.

शक्य असेल तर दोघे असा. एकाने मांडीवर धरायचं, दुसऱ्याने काम करायचं.

रक्त थांबवणं

गॉजची घडी जखमेवर ठेवा, अंगठा आणि तर्जनी यांच्यात तुरा दोन्ही बाजूंनी धरा आणि दाबून ठेवा. घड्याळात बघून पाच मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाला गॉज उचलून बघणारा माणूस दर वेळी नवी गुठळी उपटून काढत असतो. गॉज भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवा.

पाच मिनिटांनी थेंब थेंब येतच असेल तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट त्या जागी दाबा आणि आणखी पाच मिनिटं धरा. तुरटीची पूडही चालते, रक्तवाहिन्या आकसतात; मात्र ती झोंबते आणि डोळ्यात गेली तर वाईट, म्हणून डोळा टॉवेलाने झाकूनच लावा. तुऱ्याच्या एखाद्या टोकातून पिचकारी उडत असेल तर बुडापाशी बोटांनी चिमटीत धरलं की जोर कमी होतो. दोऱ्याने बांधून ठेवू नका. बांधलेलं टोक रक्ताविना मरतं आणि सडतं.

पंधरा-वीस मिनिटं नीट दाबूनही साध्या खरचटीचं रक्त थांबत नसेल, तर जखमेपलीकडे विचार करा. गेल्या आठवड्यात घरात, माडीवर, शेजारच्या गोदामात उंदरांचं औषध टाकलं होतं का? बाजारात मिळणाऱ्या त्या रंगीत वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. कोंबडे ती वडी टोचून खातात. त्यावर व्हिटॅमिन के देतात, पण ते डॉक्टरनेच. आणि असा कोंबडा मेला तर तो खायचा नाही, कुत्र्या-मांजरालाही घालायचा नाही, खोल पुरायचा.

धुणं आणि नीट बघणं

रक्त थांबल्यावर अर्धा तास त्याला सावलीत एकटं बसू द्या. मग सलाईनची सिरिंज भरून हलक्या धारेने जखम धुवा, डोक्याच्या मागच्या बाजूला पाणी ओघळेल अशा बेताने. नाकपुड्या चोचीच्या बुडाशी असतात, त्यांत पाणी जाऊ देऊ नका. वाळलेली रक्ताची गुठळी जिथे घट्ट धरली आहे तिथे खरवडायचं नाही. ती राहू द्या. माती, पीस, गवताचं कूस निघालं पाहिजे.

धुतल्यावर टॉर्चने तीन जागा बघा. डोळा: उघडतो का, बुबुळावर ओरखडा आहे का. तुऱ्याचं बूड: फाटकी जागा नुसत्या तुऱ्यात आहे की कवटीच्या कातडीत शिरली आहे. आणि मान व पंखाखालची बगल, पिसं फुंकून बाजूला करत. जखम दुसऱ्या कोंबड्याने केली असेल तर ती बहुतेक डोक्यावरच असते. पण रात्री मुंगूस, मांजर किंवा भटका कुत्रा आला असेल तर तुऱ्याचं रक्त फक्त दिसायला मोठं, खरी गोष्ट पिसांखालच्या दोन बारीक भोकांत असते. मांजराच्या दातांतून पाश्चुरेला नावाचे जंतू आत जातात आणि एक-दोन दिवसांत पक्षी पडतो. चावा दिसला की घरगुती उपचार तिथेच थांबवा आणि डॉक्टरकडे न्या, जखम कितीही छोटी असो.

काय लावायचं, काय नाही

पोव्हिडोन-आयोडीन बाटलीतून सरळ ओतायचं नाही. बाजारात सहसा ५ टक्क्यांचं मिळतं. त्याच्या एका चमच्याला दहा चमचे उकळून गार केलेलं पाणी. पातळ कोऱ्या चहाचा रंग आला की बरोबर. गॉज त्यात भिजवून जखमेवर टेकवायचा, घासायचा नाही. पहिले दोन-तीन दिवस, दिवसातून एकदा. साध्या जखमेला एवढंच पुरतं. खोल किंवा पसरट जखमेवर डॉक्टर भाजल्यावर लावायचं पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम सुचवू शकतात. ते बोटाच्या टोकाएवढं, पातळ. लोण्यासारखं थापलं की त्यावर धूळ बसते आणि कोंबडा जमिनीवर डोकं घासतो.

हळद लावू नका असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या, वरवरच्या जखमेवर चिमूटभर हळद टाकली तर बिघडत नाही, आणि तिचा एक उपयोग फारसा कुणी बोलत नाही: लाल रंग झाकला जातो, त्यामुळे बाकीच्यांच्या चोची त्या जागेकडे कमी वळतात. पण न धुतलेल्या खोल जखमेत हळद आणि खोबरेल तेल कोंबलं की वर छान पिवळा लेप दिसतो आणि खाली पू साठतो. खोबरेल तेल नंतर, खपली सुकून तडकायला लागली की, बोटभर लावायला चांगलं. ओल्या जखमेवर नको.

आता नको त्या गोष्टी. रॉकेल, टर्पेंटाइन, डांबर, चुना, तंबाखूची राख: गाईम्हशींच्या खुरांना कुणी लावत असेल, तुऱ्याची कातडी तेवढी जाड नसते आणि डोळा तिथून बोटभर अंतरावर असतो. स्पिरिट आणि घट्ट डेटॉल जिवंत कातडी जाळतात. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळताना बघायला बरं वाटतं, पण रोज लावलं तर नव्याने भरून येणारी कातडी तेच खातं. माणसांची वेदना मारणारी, कातडी बधिर करणारी मलमं आणि स्टेरॉइड असलेली खाजेची मलमंही नकोत. ट्यूबवर ‘केन’ने संपणारं नाव दिसलं की ती परत कपाटात.

दुखण्याची गोळी हा वेगळाच विषय. घरात डायक्लोफिनॅक असतंच. पक्ष्यांची मूत्रपिंडं ते औषध झेपवू शकत नाहीत. औषध दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन भारतातली गिधाडं जवळजवळ संपली ती याच औषधाने, आणि म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबड्याला वेदनाशामक हवंच असेल तर पशुवैद्य मेलॉक्सिकॅम वजन बघून देतात. आपण गोळी मोडून अंदाजाने द्यायची नाही.

अँटिबायोटिकचंही तेच. पोल्ट्रीच्या दुकानात पाण्यात घालायची बाटली सहज मिळते आणि दुकानदार लगेच काढून देतो. स्वच्छ धुतलेल्या फाटक्या तुऱ्याला तिची गरज नसते. चावा, पू, सूज असेल तर असते, पण मग कुठलं आणि किती दिवस हे डॉक्टर सांगणार. तोंडातून औषध दिलेला कोंबडा किती दिवसांनी खाता येईल तेही त्यांनाच विचारा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात कुणीतरी पाहुणे आले म्हणून मध्येच सुरी काढणारं माणूस प्रत्येक घरात असतं.

आडोसा

इथे मन लावा, बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

जखमी कोंबडा त्याच दिवशी वेगळा. लाल रंग आणि रक्त दिसलं की बाकीचे टोचतात. शत्रू कोंबडाच टोचतो असं नाही, त्याच्याच कोंबड्या आणि तलंगाही (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) टोचतात. आज टोचायची चटक लागली की ती कळपभर पसरते आणि मग एका तुऱ्याचा प्रश्न पाच तुऱ्यांचा होतो.

पण वेगळा म्हणजे दूर नव्हे. त्याला मागच्या खोलीत दहा दिवस डांबून परत आणला तर कळपाला तो परका वाटतो आणि लढाई पहिल्यापासून सुरू होते. खुराड्याशेजारीच, इतरांना तो दिसेल आणि त्याला ते दिसतील, पण चोच पोचणार नाही असा पिंजरा ठेवा. एक-दोन दिवसांसाठी मोठं डालगं पालथं घातलं तरी चालतं, फक्त त्याच्या फटींतून मान बाहेर काढता येऊ नये. ज्याच्याशी भांडण झालं तो कोंबडा मात्र समोर नको. तो सारखा दिसत राहिला तर हा दिवसभर जाळीवर डोकं आपटत बसतो. मध्ये गोणपाट टांगा.

खाली कोरडं भाताचं तूस, बोटभर जाडीचं, ओलं झालं की बदलायचं. पावसाळ्यात पडवीत ठेवलेला पिंजराही तिरक्या पावसाने भिजतो, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री. पण चारही बाजूंनी गुंडाळू नका, आत दमट उकाडा झाला की जखम चिघळते. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं पण खोल नको. तुरा भिजतच राहिला तर खपली धरत नाही. पहिल्या दिवशी रक्त बरंच गेलं असेल तर पाण्यात ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी. खाणं नेहमीचंच.

माशी. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात उघड्या जखमेवर ती काही तासांत अंडी घालते: पांढरे, लांबट, मिलिमीटरभराचे पुंजके, पिसांच्या बुडाशी. दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात. म्हणून दिवसातून दोनदा, सकाळी आणि दिवेलागणीआधी, टॉर्चने तुऱ्याचं बूड बघायचं. पुंजका दिसला तर चिमट्याने काढा, सलाईनची धार मारा. पिंजऱ्यावर दिवसा जुनी मच्छरदाणी टाकली तर माशा आणि देवीचे डास दोन्ही अडतात, आणि मला तरी कुठल्याही स्प्रेपेक्षा ती बरी वाटते. जनावरांच्या जखमेवरचे माशा पळवणारे स्प्रे डोक्याजवळ मारायचे नाहीत. मारायचेच तर गॉजवर मारून डोळ्यापासून दूरच्या कडेला टिपायचे. अळ्या आत शिरल्या असतील, जखमेला वास येत असेल, तर डॉक्टर.

पुढचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी, कोरडी, घट्ट खपली धरते. ती चांगली. तिला हात लावू नका, आयोडीनही आता बंद. आठवडा ते दोन आठवड्यांत ती आपोआप गळते आणि खाली फिकट गुलाबी कातडी दिसते, जी पुढे हळूहळू लाल होते.

तुऱ्याचं टोक काळं पडून कडक झालं तर घाबरू नका. त्या टोकाचा रक्तपुरवठा तुटला आहे. कोरडं असेल तर ते वाळून स्वतः पडेल. कात्री लावायची नाही. गेलेलं टोक परत उगवत नाही, कोंबडा जन्मभर थोडा बांडा दिसतो. त्याच्या आरवण्यात, कोंबड्यांकडे जाण्यात काही फरक पडत नाही. काळा भाग ओला, मऊ, वास मारणारा असेल आणि रोज खाली सरकत असेल, तर ती वेगळी गोष्ट.

डॉक्टरकडे कधी, हे एका ठिकाणी सांगून टाकतो: तुरा बुडापासून सुटून लोंबतोय, कवटी दिसतेय, डोळा जखमी आहे, कुठल्याही जनावराचा चावा आहे, अळ्या आत आहेत, तोंड सुजलंय, किंवा दुसऱ्या दिवशीही तो खात-पीत नाही. लोंबता तुकडा टाक्यांनी वाचू शकतो, पण त्याच दिवशी नेला तरच. घरच्या फेव्हिक्विकने चिकटवू नका. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा, कारण तिथले डॉक्टर बऱ्याचदा गाई बघायला गावात गेलेले असतात. नेताना पुठ्ठ्याचं खोकं, भोकं पाडलेलं, खाली गोणपाट. स्कूटरच्या हँडलला पाय बांधून नेऊ नका.

परत कळपात

खपली गळून कातडी कोरडी झाली की सोडायचा, त्याआधी नाही. काळोख पडल्यावर दांडीवर नेऊन बसवा. सकाळी खुराडं उघडताना स्वतः हजर राहा आणि दाणे एकाच ढिगात न टाकता दोन-तीन जागी विस्कटून टाका. एक-दोन झडपा होतील, मान फुगवून उभे राहतील, एक मागे हटेल. तेवढ्यावर मिटलं तर मिटलं. एक जण दुसऱ्याला कोपऱ्यात धरून, तो पडल्यावरही टोचत राहिला, तर ती जोडी एकत्र राहणार नाही हे मान्य करा.

कारण मुळात कोंबडे जास्त झालेले असतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. हैदराबादच्या संशोधन केंद्राने परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या जातींची पिल्लं आणलीत तरी त्यांत निम्मे नर निघतातच. ते चार महिन्यांचे व्हायच्या आत कोणता ठेवायचा ते ठरवा आणि बाकीच्यांची सोय लावा. असील या झुंजीच्या जातीचं रक्त असलेला कोंबडा असेल तर त्याला दुसरा नर शेजारी चालतच नाही. त्याचा स्वतःचा तुरा बुटका, डोक्यालगत चिकटलेला, म्हणून त्याला फारसं लागत नाही. उंच तुऱ्याच्या गावठीची दशा होते. कुणी सांगेल तुराच छाटून टाक, झुंजीचे लोक तसं करतात. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि परसातल्या कोंबड्याचा तुरा छाटून त्याची उन्हाळ्यातली थंडावा मिळवायची सोय काढून घेण्यात काही शहाणपण नाही.

लढाईशिवाय झालेल्या जखमा बहुतेक खुराड्याच्याच असतात. जाळीची कापलेली टोकं आत वळलेली, पत्र्याची कड डोक्याच्या उंचीवर, दाराला बाहेर आलेला खिळा, चिऱ्याच्या भिंतीचा खरखरीत कोपरा दांडीला लागून. हात आतून फिरवून बघा. तुमच्या तळव्याला जे बोचतं ते तुऱ्यालाही बोचतं. टोकं पक्कडीने बाहेर वळवा, पत्र्याच्या कडेवर जुना पाइप चिरून बसवा. दांडी आणि छप्पर यांच्यात इतकं अंतर ठेवा की कोंबड्याने पंख फडफडवून मान ताणून आरवलं तरी डोकं लागणार नाही. खाण्याची भांडी दोन, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी. मध्ये एखादं फळकूट उभं केलं तरी हरलेल्या कोंबड्याला लपायला जागा होते.

आणि पायामागचा काटा. दोन वर्षांच्या कोंबड्याचा तो बोटाएवढा वाढतो आणि टोकाला सुईसारखा होतो. आत हाड आणि रक्त असतं, म्हणून कापायचा नाही. महिन्या-दोन महिन्यांनी रात्री कोंबडा दांडीवरून उचलायचा, साधी कानस घ्यायची आणि फक्त टोक बोथट होईल एवढंच घासायचं. घासताना जागा गरम लागली किंवा गुलाबी दिसली की थांबायचं.